आय-सेव्हन बसवायला गेले आणि चार्जर घेऊन आले

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका लॅपटॉप रिपेअरवाल्याबद्दल लिहितेय. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण तोच म्हणाला, ताई नाव नका टाकू, आहेत तीच कामं उरकत नाहीत. त्यामुळे नाव विचारू नका, पण तिथं काय झालं ते सगळं सांगते, कारण माझ्यासारखे बरेच जण "लॅपटॉपचा प्रोसेसर बदलून मिळेल का" असं विचारत फिरतायत आणि कुठेतरी आठ-दहा हजार घालवून बसतायत.

आधी माझं थोडं. मी धायरीला घरून डीटीपी करते, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, दिवाळीच्या आधी दुकानांची पॅम्प्लेट, असलं सगळं. लॅपटॉप २०१८ च्या दिवाळीत घेतलेला, आय-थ्री ७०२०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. तेव्हा दुकानदार म्हणाला होता १ टीबी आहे ताई, आयुष्यभर भरणार नाही. भरली नाही हे खरं, पण गेल्या वर्षापासून त्या लॅपटॉपनं जो छळ मांडला होता तो विचारू नका. बटण दाबायचं, कुकर लावायचा, दोन शिट्ट्या झाल्या की डेस्कटॉप दिसायचा. कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायला वेगळा चहा. गिऱ्हाईक शेजारी बसून "काकू, ते नाव जरा मोठं करा ना" म्हणतंय आणि इकडे ते गोल गोल फिरतंय.

भाच्यानं डोक्यात भरवलं की मावशी प्रोसेसर बदल, आय-सेव्हन टाक, रॉकेट होईल. मला ते पटलं कारण आमच्याकडे हे आधी झालेलं होतं. यांचा जुना लॅपटॉप होता २०१२-१३ चा, आय-थ्री ३११०एम, त्यात दिरांनी घरी बसून आय-फाइव्ह ३२३०एम टाकला होता, जुन्या बाजारातून आणलेला. वीस मिनिटं लागली असतील. खालचं झाकण काढलं, पंखा काढला, एक स्क्रू अर्धा फिरवला, जुनी चिप उचलली, नवी ठेवली, स्क्रू परत फिरवला, पेस्ट लावली, झालं. मी स्वतः टॉर्च धरून उभी होते. म्हणून माझ्या डोक्यात हेच पक्कं बसलेलं की प्रोसेसर म्हणजे मिक्सरच्या भांड्यासारखा, एक काढला दुसरा बसवला.

पहिल्यांदा गेले ते आमच्याच भागातल्या मेनरोडवरच्या एका चकाचक दुकानात. एसी वगैरे. त्यानं लॅपटॉप उघडलासुद्धा नाही, झाकणावरचं स्टिकर बघितलं आणि म्हणाला होऊन जाईल मॅडम, आय-सेव्हन टाकून देतो, साडेनऊ हजार, संध्याकाळी घेऊन जा. मी म्हटलं कुठला आय-सेव्हन? तर म्हणतो आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन. आता मी काही इंजिनिअर नाही पण साडी घेतानासुद्धा पैठणी म्हणजे पैठणी असं कोणी म्हणालं तर मी दुकानातून उठते. उठले.

मग ओळखीच्या एका प्रिंटिंगवाल्यानं तपकीर गल्लीतला हा पत्ता दिला. स्वतःची गाडी अजिबात नेऊ नका, बुधवार पेठेत पार्किंग शोधणं म्हणजे दुसरी नोकरी. मी स्वारगेटपर्यंत बसनं आणि तिथून मेट्रोनं मंडई, एकच स्टेशन आहे, मग चालत. दुकान पहिल्या मजल्यावर, लाकडी जिना, जिन्याला दिवा नाही, वर एक खोली आणि त्यात तीन टेबलं, टेबलांवर उघडे पडलेले लॅपटॉप जसे काही ऑपरेशन थिएटरमध्ये. बसायला एकच स्टूल आणि त्यावर आधीच कोणाचा तरी प्रिंटर बसलेला.

माणूस पस्तिशीचा असेल, बोलायला तुटक. मी सांगितलं आय-सेव्हन टाकायचाय. तो म्हणाला, "बंद पडलाय का?" म्हटलं नाही, हळू आहे. "मग प्रोसेसर का बदलायचा?" मी म्हटलं हळू आहे म्हणून. यावर त्यानं काही न बोलता लॅपटॉप चालू केला, चार मिनिटं शांतपणे वाट बघितली (माझ्याकडे बघत), टास्क मॅनेजर (आत काय किती चाललंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. डिस्क १०० टक्के, म्हणजे भरलेली नाही, पूर्ण गुंतलेली. आणि प्रोसेसरचा स्पीड ०.७८ गिगाहर्ट्झ. म्हणाला, "ताई, तुमचा प्रोसेसर २.३ गिगाहर्ट्झचा आहे. तो तिसऱ्या हिश्श्यानं चालतोय. चार्जर दाखवा."

चार्जर मी गेल्या वर्षी साडेपाचशेला घेतलेला, ओरिजिनलची वायर तुटली म्हणून. त्यानं पिन बघितली, बाजूला ठेवला, खणातून स्वतःचा चार्जर काढून लावला. बॅटरीचा दिवा लागला! वर्षभर लागला नव्हता, मी समजत होते बॅटरी मेलीय. आणि तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर ०.७८ वरून २.२९ वर गेला.

झालं काय होतं, तर काही लॅपटॉपच्या चार्जरला मधोमध सुईसारखी बारीक पिन असते, ती करंटसाठी नसते, चार्जर कितीचा आहे हे बोर्डाला कळवायला असते. डुप्लिकेट चार्जरमध्ये ती नुसती दाखवायला असते किंवा आतून नीट जोडलेली नसते. बोर्डाला चार्जर ओळखू आला नाही की तो घाबरतो, याच्यातून पुरेशी पॉवर येईल की नाही माहीत नाही म्हणून बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरलाही दाबून ठेवतो. म्हणजे मी वर्षभर हँडब्रेक लावून गाडी चालवत होते आणि इंजिन बदलायला निघाले होते.

इथंच खरं तर विषय संपला असता, पण मी हट्टानं विचारलं की ते ठीक आहे पण आय-सेव्हन का नाही टाकायचा, मेनरोडवाला तर संध्याकाळी देतो म्हणाला. आणि यानंतर त्यानं जी वीस मिनिटं घालवली माझ्यासाठी, त्याचे मी या रिव्ह्यूत सगळ्यात जास्त मार्क देतेय. गिऱ्हाईकं जिन्यावर उभी होती तरी.

तर पहिली गोष्ट. यांच्या जुन्या लॅपटॉपच्या नंबरमागे एम होता. इंटेलच्या चौथ्या जनरेशनपर्यंत नंबरच्या शेवटी एम किंवा एमक्यू असलेले बरेच प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या खाचेत, यायचे, स्क्रू फिरवला की हातात. यू असेल, एचक्यू असेल तर तेव्हाही सोल्डर केलेलेच. आणि पाचव्या जनरेशनपासून, म्हणजे २०१५ पासून, लॅपटॉपसाठीचे सॉकेटवाले इंटेलनं बंदच केले, सगळे बोर्डावर चिकटवलेले. माझा ७०२०यू, म्हणजे सातव्या जनरेशनचा यू. म्हणजे स्क्रूचा प्रश्नच नाही.

दुसरी गोष्ट, चिकटवलेला म्हणजे कसा चिकटवलेला. त्यानं एक मेलेला बोर्ड काढून मायक्रोस्कोपखाली धरला. माझ्यासारखीच चिप, साधारण चार सेंटिमीटर लांब आणि अडीचेक रुंद, पार्ले-जीपेक्षा छोटी. तिच्या पोटाखाली १३५६ सोल्डरचे गोळे असतात, मोहरीपेक्षा बारीक. चिप काढायची तर खालून बोर्ड तापवायचा, वरून मशीननं हळूहळू गरम करत न्यायचं, कंपनीचं शिसं नसलेलं सोल्डर २१७ डिग्रीला वितळायला लागतं म्हणून त्याच्याही वर २३५-२४० पर्यंत. घाई केली की बोर्ड वाकतो, किंवा आत ओल असली तर पापडासारखा फुगतो. हा त्याचा शब्द, पापड. आणि खरंच त्या मेलेल्या बोर्डावर चिपच्या कोपऱ्याशी फुगवटा होता, नखानं कळत होता. कोणीतरी दुसऱ्या दुकानात हॉट एअर गन मारून हाच प्रयोग केला होता आणि मग इथं आणून टाकला, रडत. चिप निघाली होती पण तिच्याबरोबर बोर्डावरचे तांब्याचे सात-आठ ठिपकेही उखडून आले होते. ते ठिपके गेले की आतल्या तारांशी जोडायला काही उरत नाही.

समजा निघाली नीट. मग जुनं सोल्डर पुसायचं, नवी चिप बसवायची, ती नवी नसतेच, कुठल्या तरी भंगार बोर्डावरून काढलेली, पुन्हा गोळे बसवलेली. ती नीट बसली नाही, दोन गोळे एकमेकांना चिकटले की खेळ खलास, आणि ते चिपच्या खाली असल्यामुळे एक्स-रे मशीनशिवाय दिसणार नाही. कुठल्या दुकानात एक्स-रे आहे सांगा.

आणि अजून एक मला अजिबात माहीत नसलेलं. या यू वाल्या चिपमध्ये एक सोडून दोन तुकडे असतात, एक मोठा आरशासारखा तो प्रोसेसर आणि शेजारी एक छोटा. तो छोटा यूएसबी, हार्डडिस्क, असलं सगळं सांभाळतो. म्हणजे प्रोसेसर उपटला की निम्मा लॅपटॉपच उपटला.

तिसरी गोष्ट ऐकून मात्र मला हसूच आलं. माझ्याच जनरेशनचा आय-सेव्हन म्हणजे ७५००यू. त्याला कोर, म्हणजे आत एकाच वेळी काम करणारे भाग, किती? दोन. माझ्या आय-थ्रीला किती? दोन. थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) दोघांचे चार-चार. फरक इतकाच की आय-सेव्हनला टर्बो आहे, गरज पडली की स्पीड वाढवून ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी) ३ ऐवजी ४ एमबी, आणि माझ्याला टर्बोच नाही, २.३ वर गाडी संपली. फरक पडेल, पडत नाही असं तो म्हणाला नाही, पण साडेनऊ हजारांचा आणि बोर्ड मरायच्या रिस्कचा नाही.

भाच्यानं पढवलेलं होतं म्हणून मी आणखी एक पत्ता टाकला, की मग आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह ८२५०यू टाका ना, त्याला चार कोर आहेत आणि त्याचेही गोळे १३५६ आहेत. इथं तो पहिल्यांदा हसला. म्हणाला हे कोणी सांगितलं तुम्हाला? बरोबर आहे, गोळे तेवढेच आहेत. काही मॉडेलमध्ये कंपनी एकाच डिझाइनच्या बोर्डावर सातवी आणि आठवी दोन्ही बसवून विकायची, तिथं जमू शकतं. पण बायोसमध्ये (लॅपटॉप चालू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) त्या प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे त्याच्या आतल्या सूचना, असायला हवा, नसेल तर चालूच होणार नाही, इंटेलचं आतलं मॅनेजमेंट फर्मवेअर जुळवायला लागतं, आणि बोर्डावरची पॉवर देणारी सर्किट दोन कोरच्या हिशोबानं भरलेली असेल तर चार कोर जोरात पळायला लागले की ती तापते. म्हणजे करणारे करतात, तो स्वतः चिप बदलतो पण प्रोसेसर खरंच मेला असेल आणि तोच नंबर परत टाकायचा असेल तेव्हा. चालू लॅपटॉपवर नाही. "चालत्या माणसाचं हार्ट कोण बदलतं ताई."

त्यापेक्षा सोपा रस्ता त्यानं सांगितला तो म्हणजे अख्खा बोर्डच बदलायचा, त्याच मॉडेलचा जास्त भारी प्रोसेसरवाला, तुटलेल्या स्क्रीनच्या लॅपटॉपमधून निघालेला. यात गरम करणं नाही, स्क्रूचं काम. पण त्यातही बघायला लागतं की वेगळं ग्राफिक कार्ड असलेला बोर्ड असेल तर हीटसिंक (चिपची उष्णता ओढणारा धातूचा भाग) वेगळा, स्क्रीनच्या पट्टीचा कनेक्टर तोच आहे का, विंडोजचं लायसन्स जुन्या बोर्डाच्या बायोसमध्ये बसलेलं असतं ते त्याच्याबरोबर जातं, आणि बिटलॉकर (डेटाला लावलेलं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी पाहिजे नाहीतर डेटावर पाणी. माझ्या मॉडेलचा बोर्ड त्यानं फोन करून विचारला, साडेअकरा हजार, वॉरंटी पंधरा दिवस. तोच म्हणाला नका घेऊ, यात अजून थोडे घातले की आठव्या जनरेशनचा ऑफिसवाला सेकंडहँड लॅपटॉप येतो.

मी विचारलं मग तो मेनरोडवाला संध्याकाळपर्यंत काय देणार होता? खांदे उडवले. मग खणातून स्टिकरचा कागद काढून दाखवला, आय-फाइव्ह, आय-सेव्हन, लखलखीत, कोणीतरी गिऱ्हाईकानं दिलेला. तो काही बोलला नाही, मीही काही बोलत नाही. पण कोणी प्रोसेसर बदलून देतो म्हणालं तर परत घेताना स्टिकर बघू नका, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली नाव वाचा आणि आधीचा फोटो काढून ठेवा.

शेवटी काय केलं ते सांगते. ओरिजिनल पॉवरचा चार्जर १४५०, ५०० जीबी एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसते, खूप वेगवान) २९००, रॅमचा एक स्लॉट रिकामा होता त्यात ८ जीबी १७००, पंखा साफ करून नवी पेस्ट ५००. झाले ६५५०, वरचे ५० सोडले. विंडोज टाकणं, जुना डेटा नव्यावर घेणं यातच. हा जुलै २०२५ चा हिशोब आहे, त्यानंतर रॅमचे भाव चढले त्यामुळे माझा आकडा घेऊन भांडायला जाऊ नका. पंख्यातून जे निघालं ते त्यानं मला कागदावर काढून दाखवलं, चक्क गादीच्या कापसासारखी घडी. आधी कोरलमध्ये मोठी फाइल उघडली की ९७ डिग्रीपर्यंत जायचं, आता सत्तरच्या आसपास.

घरी आल्यावर चालू केला, कुकर ठेवायला वळेपर्यंत डेस्कटॉप आला. अजून सवय झालेली नाही. कोरल, तीस पानांचा अहवाल, ब्राउझरमध्ये दहा टॅब, सगळं एकदम उघडं ठेवते मुद्दाम, बघू म्हटलं मरतो का. नाही मरत. फोटो जास्त असले आणि पीडीएफ एक्स्पोर्ट करायची झाली की मात्र थांबावं लागतं, तिथं प्रोसेसरचा जुनेपणा कळतो. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी माझ्या सल्ल्यावर जाऊ नका, त्यांना कोर लागतात आणि ते एसएसडीनं येत नाहीत.

एक राहतंच, विंडोज ११. सातव्या जनरेशनला ते मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, आठव्यापासून पुढे (सातव्याचे मोजके अपवाद आहेत, माझा त्यात नाही). विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मी एक वर्षाच्या जादा सिक्युरिटी अपडेटला नाव घातलंय, मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेटिंग सिंक केली की फुकट होतं, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतर बघू. तोवर हे साडेसहा हजार सहज फिटतात, दिवाळीच्या पॅम्प्लेटमध्येच फिटले खरं तर.

आता मार्क. कामाला पाचपैकी पाच, बोलण्याला साडेचार (तुटक बोलतो पण खोटं बोलत नाही), वेळेला दोन. उद्या देतो म्हणाला आणि चौथ्या दिवशी दिला, मधे फोन उचलत नाही, उचलला तर "होतंय ताई" आणि ठेवून देतो. यूपीआयचा कोड भिंतीवर आहे पण त्या खोलीत रेंज नाही, जिन्यात येऊन पैसे पाठवायचे आणि परत वर जाऊन दाखवायचे. बिल वहीतल्या कागदावर, पण पार्टचे नंबर आणि वॉरंटी त्यावर नीट लिहून देतो, एसएसडीचा डबा आणि जुनी हार्डडिस्क दोन्ही न मागता परत दिली.

आणि खालच्या झाकणाची डावीकडची एक क्लिप तुटलीय, दाबलं की कट् असा आवाज येतो. घरी आल्यावर लक्षात आलं. फोन केला तर म्हणाला ती आधीपासूनच होती ताई.

नव्हती.